औषधी इमल्शन आणि इमल्सिफायर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फार्मसी शिकताना इमल्शनचा धडा बहुतेकांच्या वाट्याला पाठांतर म्हणूनच येतो. ४:२:१ पाठ, एचएलबीचा तक्ता पाठ, क्रीमिंग आणि क्रॅकिंगमधला फरक पाठ. पण तेलाच्या एका थेंबाच्या पृष्ठभागावर काय घडतं ते एकदा नीट कळलं, की यातलं जवळजवळ काहीच पाठ करावं लागत नाही. म्हणून इथली उत्तरं त्या थेंबाला धरूनच लिहिली आहेत.

इमल्शन म्हणजे नेमकं काय?

एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव असतात. त्यातला एक बारीक थेंबांच्या रूपात दुसऱ्यात पसरलेला असतो आणि त्या थेंबांना एकत्र येण्यापासून रोखणारा तिसरा पदार्थ सोबत असतो. हा तिसरा पदार्थ म्हणजे इमल्सिफायर. थेंबांच्या रूपातल्या द्रवाला अंतर्गत फेज म्हणतात आणि ज्यात ते पसरलेले असतात त्याला बाह्य किंवा सलग फेज. पाण्यात तेलाचे थेंब असतील तर ते ओ/डब्ल्यू (ऑइल इन वॉटर) इमल्शन, तेलात पाण्याचे थेंब असतील तर डब्ल्यू/ओ (वॉटर इन ऑइल).

नेहमीच्या औषधी इमल्शनमध्ये थेंबांचा व्यास साधारण ०.१ ते १०० मायक्रोमीटर असतो. तेल पारदर्शक, पाणीही पारदर्शक, तरी इमल्शन पांढरं दिसतं. कारण या आकाराचे थेंब प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतात.

एवढा खटाटोप कशासाठी? औषध सरळ तेलात किंवा पाण्यात का देत नाहीत?

कारण अनेक औषधं पाण्यात विरघळत नाहीत, आणि नुसतं तेल प्यायला, टोचायला किंवा अंगाला लावायला सोयीचं नसतं. ओ/डब्ल्यू इमल्शनमध्ये जिभेला पाण्याची फेज लागते, त्यामुळे एरंडेल किंवा कॉड लिव्हर ऑइलसारख्या तेलांची चव आणि चिकटपणा झाकला जातो. तेलाचे थेंब आधीच बारीक असल्याने पचनाचं कामही सोपं होतं. शरीर स्वतः हेच करतं: लहान आतड्यात पित्तातले क्षार स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतात आणि मग लायपेज हे पाचक विकर त्यांच्या पृष्ठभागावर काम करतं. त्वचेवरच्या क्रीममध्ये एकाच वेळी पाण्यात विरघळणारं आणि तेलात विरघळणारं अशी दोन्ही द्रव्यं ठेवता येतात. शिरेतून तेल देण्याचा तर इमल्शनशिवाय दुसरा मार्गच नाही, कारण मोकळ्या तेलाने रक्तवाहिनी तुंबते.

तेल आणि पाणी जोरात हलवलं की मिसळतं, मग लगेच वेगळं का होतं?

आकडेच बोलतील. १ मिली तेलाचा एकच गोल थेंब कल्पा. त्याचा पृष्ठभाग साधारण ४.८ चौरस सेंटीमीटर भरतो. त्याच तेलाचे १ मायक्रोमीटर व्यासाचे थेंब केले तर त्यांची संख्या सुमारे १.९ लाख कोटी होते आणि एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर. तेल तेवढंच, पण पाण्याला टेकणारा पृष्ठभाग बारा हजार पटींहून जास्त.

तेल आणि पाण्याच्या सीमेवरच्या रेणूंना दोन्ही बाजूंनी सारखं आकर्षण मिळत नाही, म्हणून तिथे ताण असतो. याला आंतरपृष्ठीय ताण म्हणतात. नवा पृष्ठभाग तयार करायचा तर या ताणाविरुद्ध ऊर्जा खर्च करावी लागते: ताण गुणिले वाढलेलं क्षेत्रफळ. हलवताना ही ऊर्जा आपल्या हातातून येते. हात थांबला की थेंब एकत्र येऊन ती परत टाकतात, कारण पृष्ठभाग कमी होण्यातच त्यांची ऊर्जा कमी होते.

इमल्सिफायर घातला तरी हा कल संपत नाही. ताण ५० वरून १ मिलिन्यूटन प्रति मीटरवर आला तर ऊर्जा ५० पटींनी घटते, पण शून्य होत नाही. म्हणजे साधं इमल्शन उष्मागतिकीच्या दृष्टीने कायम अस्थिरच. ते कधीतरी वेगळं होणार हे ठरलेलं आहे. ते दहा मिनिटांत होतं की तीन वर्षांनी, एवढंच आपल्या हातात असतं. औषधासाठी तेवढं पुरेसं आहे, कारण मुदत संपेपर्यंत टिकणं हीच आपली गरज. इमल्शनबद्दलचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो, असं माझं मत आहे.

मग इमल्सिफायर नेमकं काय करतो? फक्त ताण कमी करतो का?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. ताण कमी झाला की थेंब *बनवणं* सोपं होतं. थेंब *टिकवणं* हे वेगळं काम आहे आणि ते थेंबाभोवतीचा थर करतो. लहान साखळीची अल्कोहोलसुद्धा ताण कमी करतात, पण त्यांचा मजबूत थर बनत नाही, म्हणून त्यांच्या जोरावर इमल्शन उभं राहत नाही.

थर बनवायच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली एकरेणवीय थराची. सर्फॅक्टंटच्या (सीमेवर बसून ताण कमी करणाऱ्या द्रव्याच्या) रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरी लांब शेपटी तेलात शिरते. असे रेणू थेंबाभोवती शेजारी शेजारी उभे राहतात. टोकांवर विद्युतभार असेल, जसा सोडियम लॉरिल सल्फेटमध्ये असतो, तर सगळ्या थेंबांवर सारखाच भार येतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. भार नसेल, जसं पॉलिसॉर्बेटमध्ये, तर पॉलिऑक्सिइथिलिनच्या पाणी धरून ठेवणाऱ्या साखळ्या थेंबाबाहेर पसरलेल्या असतात आणि दोन थेंबांना जवळ येऊ देत नाहीत. शिवाय हा थर स्वतःची डागडुजीही करतो. दोन थेंब भिडताना थर कुठे विरळ झाला तर तिथला ताण वाढतो, आजूबाजूचे रेणू तिकडे ओढले जातात आणि जाताना सोबत द्रवही ओढून नेतात. जागा पुन्हा भरते.

या थरात रेणू किती दाटीने बसतात यावर सगळं अवलंबून असतं. शुलमन आणि कॉकबेन यांनी १९४० मध्ये हे फार सुंदर दाखवलं. सोडियम सेटिल सल्फेट आणि कोलेस्टेरॉल यांच्या जोडीने थर घट्ट बसला आणि इमल्शन उत्तम टिकलं. कोलेस्टेरॉलच्या जागी ओलिल अल्कोहोल घेतल्यावर इमल्शन कमकुवत निघालं. ओलिल अल्कोहोलच्या साखळीत दुहेरी बंधामुळे वाक असतो आणि वाकडी साखळी सरळ साखळ्यांच्या रांगेत नीट बसत नाही. क्रीमच्या घटकांच्या यादीत एकाऐवजी दोन इमल्सिफायर का दिसतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

दुसरी तऱ्हा बहुरेणवीय थराची. अकेशिया आणि ट्रॅगाकँथ हे डिंक, तसंच जिलेटिन, पाणी शोषून फुगतात आणि थेंबाभोवती जाड, लवचिक कवच करतात. यांच्याने ताण फारसा कमी होत नाही. कवच मात्र पक्कं असतं. त्याशिवाय बाहेरचं पाणी दाट होतं आणि थेंबांची हालचाल मंदावते.

तिसरी घन कणांची. बेंटोनाइट किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म कण, जे पाण्यानेही थोडे भिजतात आणि तेलानेही, ते सीमेवर जाऊन बसतात आणि तिथून सहजी सुटत नाहीत. रॅम्सडेनने १९०३ मध्ये आणि पिकरिंगने १९०७ मध्ये यावर लिहिलं. आज अशा इमल्शनला पिकरिंगचंच नाव आहे.

तेल जास्त घातलं की डब्ल्यू/ओ आणि पाणी जास्त घातलं की ओ/डब्ल्यू, असं असतं ना?

प्रमाणाचा परिणाम होतो, पण निर्णय मुख्यतः इमल्सिफायरचा. बँक्रॉफ्टचा नियम सांगतो की इमल्सिफायर ज्या द्रवात जास्त विरघळतो, तो द्रव बाह्य फेज होतो. पाण्यात रमणारा पॉलिसॉर्बेट ८० ओ/डब्ल्यू देतो, तेलात रमणारा स्पॅन ८० डब्ल्यू/ओ देतो.

सोडियम ओलिएट आणि कॅल्शियम ओलिएट यांची तुलना केली की हे स्पष्ट दिसतं. दोन्ही ओलिक आम्लाचेच साबण. सोडियम एकाच शेपटीला धरतो आणि रेणूचा पाण्याकडचा भाग भारी पडतो, म्हणून ओ/डब्ल्यू. कॅल्शियम दोन शेपट्यांना एकत्र बांधतो, तेलाकडचा भाग जड होतो, म्हणून डब्ल्यू/ओ. चुन्याची निवळी आणि वनस्पती तेल हलवून जे लिनिमेंट (अंगाला चोळायचं औषध) बनतं त्यात हाच कॅल्शियम साबण जागच्या जागी तयार होतो. आणि म्हणूनच सोडियम साबणावर उभ्या असलेल्या ओ/डब्ल्यू इमल्शनमध्ये कॅल्शियमचा क्षार पडला, तर ते उलटतं किंवा फुटतं.

प्रमाणाची मर्यादाही लक्षात असू द्या. एकसारखे गोल थेंब जास्तीत जास्त ७४ टक्के जागा व्यापू शकतात. त्यापुढे अंतर्गत फेज वाढवत गेलात तर थेंब एकमेकांवर दाबले जातात आणि इमल्शन उलटण्याचा धोका वाढतो.

एचएलबी म्हणजे काय, आणि गणित कसं करायचं?

एचएलबी म्हणजे हायड्रोफाइल-लिपोफाइल बॅलन्स. विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये नॉन-आयनिक, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, सर्फॅक्टंटसाठी ही पट्टी मांडली. रेणूत पाण्याकडचा भाग किती आणि तेलाकडचा किती, हे ० ते २० मधल्या एका आकड्यात सांगायचं. साधारण ३ ते ६ असेल तर डब्ल्यू/ओ, ८ ते १६ असेल तर ओ/डब्ल्यू, आणि १५ च्या पुढे न विरघळणारी द्रव्यं विरघळवायला उपयोगी. स्पॅन ८० चा एचएलबी ४.३, ट्वीन ८० चा (म्हणजे पॉलिसॉर्बेट ८० चाच) १५.

प्रत्येक तेलालाही स्वतःची गरज असते. समजा तुमच्या तेलाला ओ/डब्ल्यूसाठी १२ हवा आणि हाताशी हेच दोन आहेत. ट्वीनचं प्रमाण 'क्ष' धरा:

१५ × क्ष + ४.३ × (१ − क्ष) = १२

इथून क्ष येतो ७.७ ÷ १०.७, म्हणजे ०.७२. एकूण ५ ग्रॅम इमल्सिफायर वापरणार असाल तर ३.६ ग्रॅम ट्वीन आणि १.४ ग्रॅम स्पॅन.

परीक्षेत इथे गुण मिळतात, प्रत्यक्षात काम इथून सुरू होतं. १२ चा आकडा वेगवेगळ्या जोड्यांतून मिळतो आणि सगळ्या जोड्या सारख्या टिकत नाहीत. वर सांगितलेला दाटीचा प्रश्न एचएलबीत दिसतच नाही. किती टक्के इमल्सिफायर घालायचा, हेही तो सांगत नाही. तापमान तर त्यात धरलेलंच नाही: पॉलिऑक्सिइथिलिनच्या साखळ्या तापवल्यावर पाणी सोडतात, रेणू तेलाकडे झुकतो आणि एका ठरावीक तापमानाला इमल्शन उलटतं. एचएलबीने उमेदवारांची यादी छोटी होते. निवड करून बघूनच करावी लागते.

४:२:१ हे प्रमाण नेमकं कशाचं?

प्राथमिक इमल्शनचं, म्हणजे आधी बनवून नंतर पातळ करायच्या घट्ट इमल्शनचं. स्थिर (न उडणारं) तेल ४ भाग, पाणी २ भाग, अकेशिया १ भाग. खनिज तेलासाठी ३:२:१, उडनशील तेलासाठी २:२:१. उडनशील तेलं पातळ असतात, त्यांचे थेंब टिकवायला डिंक जास्त लागतो.

कोरड्या डिंकाच्या पद्धतीत खल पूर्ण कोरडा हवा. त्यात तेल आणि डिंकाची पूड एकत्र करा, पण इथे फार घोटत बसू नका. पुडीचे कण तेलाने माखले की पुरे. मग मोजलेलं सगळं पाणी *एकदम* ओता आणि त्याच क्षणी एकाच दिशेने, वेगाने, न थांबता घोटायला लागा. सुरुवातीला मिश्रण पिवळसर, तेलकट आणि सैल दिसतं. मग ते पांढरं होत जातं, घट्ट होतं आणि बत्त्याचा आवाज बदलतो: घसटण्याच्या जागी टचटच असा चिकट आवाज येऊ लागतो. हा आवाज आल्यावरही दोनतीन मिनिटं घोटत राहा. उरलेलं पाणी त्यानंतर थोडं थोडं घालायचं.

पाणी थेंबाथेंबाने घातलं तर का बिघडतं? कारण त्या वेळी खलात तेल जास्त आणि पाणी नगण्य असतं, त्यामुळे तेलच बाह्य फेज होऊ बघतं. डिंकाला फुगायला पाणीही पुरत नाही. दोन भाग पाणी एकदम मिळालं की डिंक लगेच भिजतो आणि कवच धरतो.

फॉर्म्युल्यात अल्कोहोल किंवा क्षार असतील तर ते पातळ करून, अगदी शेवटी घाला. तीव्र अल्कोहोलमध्ये डिंक साक्याच्या रूपात बाहेर पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

काचेचा खल चालेल का?

नको. गुळगुळीत काचेवर तेल नुसतं सरकतं, तुटत नाही. आतून खरखरीत असलेला चिनी मातीचा खल घ्या.

तयार झालेलं इमल्शन ओ/डब्ल्यू आहे की डब्ल्यू/ओ, हे कसं ओळखायचं?

सगळ्या चाचण्या बाह्य फेजची चौकशी करतात. पाणी घालून बघा: सहज मिसळलं तर ओ/डब्ल्यू. वीज वाहते का बघा: वाहिली तर बाहेर पाणी आहे. तेलात विरघळणारा सुदान ३ हा लाल रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली थेंब लाल आणि पार्श्वभूमी रंगहीन दिसली तर ओ/डब्ल्यू. उलट दिसलं तर डब्ल्यू/ओ. एका चाचणीवर विसंबू नये. विशेषतः नॉन-आयनिक इमल्सिफायर असताना ओ/डब्ल्यू असूनही वीज नीट वाहत नाही, असं होऊ शकतं.

क्रीमिंग झालं म्हणजे इमल्शन फुटलं का?

नाही. क्रीमिंगमध्ये थेंब वर जमा होतात, पण प्रत्येकाचं कवच शाबूत असतं. हलवलं की पुन्हा एकसारखं होतं. बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' लिहितात ते यासाठीच, आणि ती सूचना पाळणं गरजेचं आहे: न हलवता ओतलं तर एका मात्रेत औषध जास्त आणि दुसरीत कमी जाईल. क्रॅकिंगमध्ये कवच तुटून थेंब एकमेकांत विलीन झालेले असतात. तिथे हलवून काही होत नाही.

क्रीमिंगचा वेग स्टोक्सच्या नियमाने काढता येतो. तो थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या आणि दोन्ही द्रवांच्या घनतेतल्या फरकाच्या प्रमाणात वाढतो, बाह्य फेज दाट असेल तर घटतो. पाण्यात १० मायक्रोमीटरचा तेलाचा थेंब घ्या, घनतेतला फरक ०.१ ग्रॅम प्रति मिली धरा. १० सेंटीमीटर उंचीच्या बाटलीत तो तळापासून वर यायला साधारण पाच तास घेतो. तोच थेंब १ मायक्रोमीटरचा केला तर वेग १०० पट कमी, म्हणजे सुमारे तीन आठवडे. थेंब बारीक करणाऱ्या होमोजिनायझर यंत्रावर खर्च का करतात, ते या एका हिशोबात दिसतं. प्रत्यक्ष इमल्शनमध्ये थेंबांची गर्दी असते, म्हणून आकडे तंतोतंत जुळत नाहीत. दिशा मात्र बरोबर असते.

क्रीमिंगकडे दुर्लक्षही करू नका. वर जमलेले थेंब एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि कवच कमकुवत असेल तर फुटण्याची सुरुवात तिथूनच होते.

मायक्रोइमल्शन आणि नॅनोइमल्शन एकच का?

नाही. थेंब दोन्हींत अतिशय लहान असतात, पण मायक्रोइमल्शन उष्मागतिकीच्या दृष्टीने स्थिर असतं आणि फार ऊर्जा न देता आपोआप बनतं. त्याला सर्फॅक्टंट मात्र भरपूर लागतो. नॅनोइमल्शन जोर लावून बनवावं लागतं आणि तेही साध्या इमल्शनसारखंच मुळात अस्थिर. फक्त थेंब इतके बारीक की क्रीमिंग जवळपास होत नाही.

शिरेतून देण्याच्या इमल्शनमध्ये वेगळं काय असतं?

जवळजवळ सगळंच कडक असतं. सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर. त्यामुळे अमेरिकी फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाच्या) निकषानुसार थेंबांचा सरासरी व्यास ५०० नॅनोमीटरच्या आत लागतो आणि ५ मायक्रोमीटरपेक्षा मोठ्या थेंबांत गेलेली चरबी एकूण चरबीच्या ०.०५ टक्क्यांहून कमी असावी लागते. पोषणासाठी दिलं जाणारं इंट्रालिपिड स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांच्या कामातून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. त्यात सोयाबीनचं तेल, अंड्याच्या बलकातली १.२ टक्के फॉस्फोलिपिड्स आणि इमल्शन रक्ताशी समपरासारी (सारख्या परासरण दाबाचं) राहावं म्हणून २.२५ टक्के ग्लिसरीन असतं.

भूल देण्याचं प्रोपोफॉल पांढरं दिसतं, कारण तेही असंच इमल्शन आहे. सुरुवातीला ते क्रेमोफोर ईएल या सर्फॅक्टंटमध्ये विरघळवून तपासलं होतं, पण रुग्णांना ॲलर्जीसारख्या तीव्र प्रतिक्रिया आल्या आणि ते सूत्र सोडून द्यावं लागलं. औषध तेच ठेवून वाहक बदलला, १० टक्के सोयाबीन तेलाचं इमल्शन घेतलं, तेव्हा ते वापरात आलं. इमल्सिफायरची निवड ही थेट रुग्णाच्या सुरक्षिततेची बाब आहे, हे यावरून शिकावं. असं इमल्शन जंतूंनाही पोसतं, म्हणून उघडल्यावर ते ठरलेल्या काही तासांत वापरायचं असतं, नाहीतर टाकून द्यायचं.

कॅल्शियम इथेही आडवा येतो. फॉस्फोलिपिडमुळे थेंबांवर ऋण भार असतो. पोषणाच्या पिशवीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम जास्त झालं तर तो भार झाकला जातो, थेंब जवळ येतात आणि विलीन होऊ लागतात. घटक मिसळण्याचा क्रम आणि मर्यादा यासाठीच ठरवून दिलेल्या असतात.

दोन वेगवेगळे इमल्सिफायर किंवा दोन क्रीम एकत्र केली तर?

नॉन-आयनिक बहुतेकांशी जुळवून घेतात. ॲनायनिक (ऋण भाराचे) आणि कॅटायनिक (धन भाराचे) मात्र एकत्र आणू नका. सोडियम लॉरिल सल्फेटच्या क्रीममध्ये कॅटायनिक सेट्रिमाइड गेलं की विरुद्ध भार एकमेकांना बांधतात आणि थर मोडतो.

प्रिझर्वेटिव्ह नेहमीएवढाच घातला, तरी बुरशी का आली?

बहुधा तो तेलात गेला. जंतू पाण्यात वाढतात, आणि पॅराबेनसारखे प्रिझर्वेटिव्ह तेलात वाटले जातात. पॉलिसॉर्बेटचे मायसेलही (पाण्यातले त्याच्या रेणूंचे पुंजके) त्यांना पकडून ठेवतात. एकूण मात्रा कागदावर बरोबर, पण पाण्यात मोकळा उरलेला भाग अपुरा. पाण्यात नेमका किती उरतो हे बघून मात्रा ठरवावी लागते. तेलाच्या खवटपणासाठी टोकोफेरॉल किंवा बीएचटीसारखं अँटिऑक्सिडंट वेगळं लागतं.

इमल्शन फ्रिजमध्ये ठेवावं का?

लेबलवर लिहिलं असेल तरच, आणि फ्रीझरमध्ये कधीच नाही. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक थेंबांना एकमेकांवर दाबतात आणि कवच फाडतात. वितळल्यावर तेल वेगळं दिसतं. उष्णतेने बाह्य फेज पातळ होते आणि थेंबांची टक्कर वाढते. तोंडाने घ्यायचं इमल्शन हलवल्यावरही एकजीव झालं नाही, क्रीममधून पाणी किंवा तेल सुटलं, वास बदलला, तर ते वापरू नका. शिरेतून द्यायच्या इमल्शनमध्ये वर तेलाचा पिवळा थर किंवा थेंब दिसले, तर हलवून बघायचंही नाही; ती बाटली बाजूला काढायची.